तिसऱ्या काट्याचं बटण

अफ्रीन पठाण भिंगारची. कोपरगावकडच्या साखर कारखान्यात संगणक विभाग ती एकटी ओढायची, पण अजून कंत्राटावरच. आज तिसऱ्या वजनकाट्याचं उद्घाटन होतं आणि त्याच मंडपात चेअरमनसाहेब तिला कायम केल्याचं जाहीर करणार होते.

प्रत्येक काट्याला स्वतःचा सर्व्हर. कुठेही नोंदलेली उसाची गाडी क्षणात बाकीच्यांवरही उमटायची. गाड्यांना मिळणाऱ्या टोकन-नंबरांची टक्कर नको म्हणून जुना काटा विषम नंबर देई, दुसरा सम. आता तिसरा वाटेकरी आला, म्हणजे वाटण्या नव्याने. अफ्रीनने सकाळीच दोघांना तीन-तीनच्या अंतराने नंबर द्यायला लावलं होतं. नव्या सर्व्हरवर जुन्या सगळ्या नोंदीही उतरवल्या. दुसरा काटा कार्यक्रमापुरता बंद होता, जुना चालू.

नारळ फुटला. अफ्रीनची नजर सहज जुन्या काट्याच्या पडद्यावर गेली. नंबर पुन्हा दोन-दोनने पुढे सरकत होते. शेजारी काटाक्लार्क रंगनाथकाका उभे, बोटं हळदीने पिवळी.

"काका, मशीन बंद केलं होतं?"

"व्हय. नव्याची पूजा करायची आन् जुन्याला इसरायचं? पुसलं, हळद-कुंकू लावलं, परत चालू केलं."

मशीनलाही रुसवा असतो, हे काकांचं ठाम मत. पण बंद-चालू होताच नवं सेटिंग उडालं होतं. ते कायमचं लिहून ठेवायचं अफ्रीनकडून राहिलं होतं. आता दोन गाड्यांना एकच नंबर पडला की कुणाचा ऊस कुणाच्या नावावर जाईल, याचा भरवसा नव्हता. नवा काटा सुरू करायच्या बटणाजवळ साहेबांचं बोट गेलं.

"साहेब, थांबा."

तिने काय बिघडलं ते सांगितलं. मशीन कुणी बंद केलं, असं साहेबांनी विचारलं. काकांनी बोटं धोतराला पुसली. त्यांचं नाव घेतलं की ती सुटत होती.

"सेटिंग कायम करणं माझं काम होतं, साहेब. ते राहिलं."

मुहूर्त टळला. साहेब तोंड फिरवून बसले. अफ्रीनने दोन्ही जुन्या सर्व्हरवर सेटिंग कायमचं लिहून टाकलं आणि काकांना म्हणाली, "आता परत बंद करून चालू करा." मशीन सुरू झालं, नंबर तीन-तीननेच पुढे गेले.

साहेबांनी बटण दाबलं आणि चहाही न घेता, तिला कायम केल्याचं जाहीर न करताच निघून गेले.

"पोरी, माझं नाव का घेतलं न्हाईस?" काका म्हणाले.

तिने हाताने खूण करून पुढची बैलगाडी नव्या काट्यावर बोलावली.