घरात तान्हं बाळ नाही

तेव्हा माझी धाकटी दीड महिन्याची होती आणि मला सगळ्याचीच भीती वाटायची, दाराची कडी वाजली तरी छातीत धडधडायचं. तिच्या आधीचं एक महिन्याचं होऊन गेलेलं ना, म्हणून.

गोवंडीला आमची चाळ. एका सकाळी नळावर एक सर आले, जवळच्या ट्रेनिंग सेंटरमधले. म्हणाले, लांबलांबच्या लहान देशांतली माणसं आपल्या सरकारच्या खर्चानं इथं जनगणना शिकायला आलीत, त्यातली एक बाई आज सरावासाठी तुमच्याकडे घरोघर येईल, विचारेल ते खरं सांगा. तिचा देश म्हणजे समुद्रातली चार बेटं, तिथं हे काम कोणाला येत नाही, ही शिकून जाईल आणि बाकीच्यांना शिकवेल, मग पोरांसाठी लस किती मागवायची ते त्यांना कळेल. ते गेल्यावर शेजारीण म्हणाली, "एवढासा देश, मोजायला शिकायचं काय त्यात? सगळ्यांना नळावर आणायचं आणि बादल्या मोजायच्या." सगळ्या हसल्या, मी पण हसले.

घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या एकदम गंभीर झाल्या. "तान्ह्या पोराची गणती करूची नाय गो, दिष्ट लागता." आधीचं बाळ गेल्यापासून त्या सांगतील ते मी ऐकायचे. धाकटीला पाजलं, पडद्यामागं झोळीत टाकलं.

मग ती आली. माझ्याच वयाची, सावळी, फुलाफुलांचा झगा, पायात कॅनव्हासचे बूट, घामानं भिजलेली. मराठी पाठ करून आलेली. "घरात माणसं किती?" मी चार बोटं दाखवली, आम्ही दोघं, सासूबाई, थोरला. तिनं लिहिलं. मग दोन्ही हात जोजवल्यासारखे करून म्हणाली, "तान्हं बाळ?"

मी म्हटलं, "नाही."

तिला तो शब्द नवीन होता वाटतं, तिनं दोनदा घोळवून म्हणून बघितला, नाही, नाही, आणि हसून पुढं गेली.

दुपारी सर तिला घेऊन तपासायला आले आणि तेवढ्यात धाकटी रडायला लागली. सरांनी विचारलं कोणाचं, तर माझं म्हणावंच लागलं. ते तिला इंग्लिशमध्ये काहीतरी बोलले, ती मान हलवत राहिली, परत परत हात जोजवून दाखवत राहिली. तेव्हा सर माझ्याकडे वळले. "बाई, हिनं तान्ह्या बाळाचं विचारलं होतं का? नसेल विचारलं तर मला हिला पास करता येणार नाही."

मागं सासूबाई उभ्या होत्या. सर आता मला ओरडणार, खोटं बोललीस म्हणून चाळीसमोर वाट लावणार, एवढंच माझ्या डोक्यात.

"नाही विचारलं," मी म्हटलं.

त्यातला नाही तिला कळला. सकाळी मीच शिकवलेला. ती माझ्याकडे बघत राहिली, रागानं नाही, मी अजून काहीतरी बोलेन असं.

सरांनी तिला एक संधी दिली. दुसऱ्या दिवशी पहिल्या खोलीपासून सगळी चाळ परत करायची. भर उन्हात ती दारोदार फिरली, बायका म्हणायच्या, काय गं, रात्रीत वाढलो का आम्ही, आणि पोरं तिच्यामागं हात जोजवत चालायची. सर चाळीच्या तोंडाशी सावलीत उभे होते.

माझ्या दारात आली तेव्हा मी धाकटीला कडेवर घेऊनच उभी होते. तरी तिनं सगळं विचारलं, माणसं किती, तान्हं बाळ, काल जसं विचारलं अगदी तसंच. मी म्हटलं, आहे, मुलगी. तिनं लिहिलं आणि या वेळी शब्द घोळवला नाही.

सरांना हाक मारली असती तर तिथनं ऐकू गेली असती. हिनं काल विचारलं होतं, एवढंच तर सांगायचं होतं. ती शेजारच्या दारात गेली, आणि मी पोरीला घेऊन आत वळले.