फिलिपाकडचा चहा

आमच्या जिन्यात क्लावदियाइतकी सरळ बाई दुसरी नव्हती. रशियातल्या पेत्रोझावोद्स्क शहरात ती ट्रॉलीबस चालवायची. आरशातून मागे बघत कुणाला "पाय काढ दारातून" म्हणायची, कुणाला "आज बरी दिसतेस गं", आणि दोन्ही एकाच आवाजात.

त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर फिलिपा राहायला आली. इंग्लंडची, इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला. रशियन छान बोलायची, पण प्रत्येक वाक्य जणू कापसात गुंडाळून. एका शनिवारी जिन्यात गाठ पडली तेव्हा ती क्लावदियाला म्हणाली, "एकदा चहाला यायलाच हवं हं तुम्ही."

"येते की," क्लावदिया म्हणाली.

आणि त्याच संध्याकाळी गेली. नवरा पान्तेलेय, सासूबाई, मासा भरून भाजलेला पिरोग आणि अळंब्यांच्या लोणच्याची बरणी घेऊन. जाताजाता मलाही घरातून ओढलं. "चल गं. बोलावलंय तिनं."

फिलिपानं दार उघडलं ते ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून. "अरे वा, किती छान," ती म्हणाली. चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा. सासूबाईंनी बूट काढून सपाता मागितल्या. जादा सपाता नव्हत्याच, मग फिलिपानं आपले लोकरीचे मोजे दिले. घरात खायला बिस्किटांचा अर्धा पुडा. शेवटी आम्हीच पिरोग कापला, पान्तेलेय गायला लागला आणि फिलिपाला हसू आवरेना.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तुम्ही दमला असाल ना?"

"मी? छे." क्लावदियानं आणखी एक कप भरून घेतला.

"उद्या लवकर उठायचं असेल तुम्हाला."

"उद्या सुट्टी आहे मला."

मी क्लावदियाला कोपरानं ढोसलं. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, तूच दमलीयस होय? मग तसं सांग ना. मी काय रागावणार आहे?"

फिलिपा लाल झाली. मग हळूच म्हणाली, "हो. दमलेय. आता घरी जा."

क्लावदियानं तिचे गाल धरून मुका घेतला. "आत्ता कशी मोकळं बोललीस."

जिना उतरताना मी तिला समजावलं, की इंग्रज माणसं 'या एकदा' असं तोंडदेखलंही म्हणतात, जायचं तर आधी फोन करावा. तिला ते अजब वाटलं, पण तिनं मनावर घेतलं. पुढच्या शनिवारी वर गेली आणि फिलिपाच्या दारात उभी राहून तिनं फोन लावला.

"फिलिपा, येऊ का गं?"

"आत्ता नको," आतून आणि फोनमधून एकदमच ऐकू आलं. "घर आवरलेलं नाही."

"मग मी आवरू लागते," म्हणत क्लावदियानं बेल दाबली.