समारचा दिवा

मुकुल गायधनीला घाण खपत नसे. सिंगापुरातल्या तुआसच्या ज्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांचे हात काळेकुट्ट असत, तिथे हा माणूस दिवसातून दहादा हात धुई. सोल्डरचा एखादा थेंब पसरलेला दिसला, की कुणीतरी आपल्या ताटात थुंकल्यासारखा त्याचा चेहरा होई. बारा वर्षं चिंचवडला कंट्रोल पॅनल बनवली, मग चौदा वर्षं सिंगापुरात गॅलऱ्या-प्रदर्शनांसाठी उजळणारी, फिरणारी मॉडेलं बनवली. हौगांगला भाड्याचा फ्लॅट, बँकेत अकाउंट्स पाहणारी बायको मीनल, अकरा वर्षांची ऋता, आणि जाता-येता दीड दीड तास एमआरटीच्या मेट्रोत. इतिहासाशी त्याचा संबंध दहावीच्या पेपरबरोबर संपला होता. अमेरिका म्हणजे त्याच्या लेखी न्यू जर्सीचा मेहुणा आणि त्याच्या बढाया.

आणि मग ते टेबल आलं.

बुकित तिमाहमधल्या एका खासगी अभ्यासकेंद्राला मुलांसाठी टेबलावरचा काचेचा मोठा नकाशा हवा होता. विषय : अमेरिका समुद्रापार कशी पसरली. बटण दाबायचं, सालं पुढे सरकायची आणि पॅसिफिकमधल्या बेटांवर एकेक पिवळा दिवा लागायचा. केंद्राच्या अभ्यासकांनी यादी पाठवली होती. एकूण चौदा दिवे. तेरा पिवळे, एक लाल. लाल म्हणजे युद्ध.

सवयीप्रमाणे मुकुलने यादी नटबोल्ट तपासावेत तशी ओळीने तपासली. पहिल्याच ओळीला त्याला हसू आलं. पक्ष्यांच्या विष्ठेसाठी म्हणे बेटं घेतली! १८५६ साली चक्क कायदा केला, की खताच्या कामाची विष्ठा असलेलं बेवारस बेट दिसलं तर आपलं म्हणावं. "च्यायला, सुरुवातच शीपासून," तो टेक्निशियन रोडेलला म्हणाला. दोघं हसले. पुढच्या ओळींना हसू आलं नाही. हवाईच्या राणीचं राज्य काढून घेतलं, पुढे तिला तिच्याच महालात कोंडलं, आणि वर पिवळा दिवा. सामोआ जर्मनीशी वाटून घेतलं, पिवळा दिवा. फिलिपिन्स स्पेनकडून दोन कोटी डॉलरला घेतला. विकणारा एक, घेणारा दुसरा, आणि ज्यांचा देश त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. पिवळा दिवा. वाचता वाचता मुकुलच्या तोंडाला कडवट चव आली. तो उठून हात धुऊन आला.

नववी ओळ होती : समार बेट, फिलिपिन्स, १९०१. लाल.

"हे माझं गाव, बॉस," रोडेल म्हणाला. तो सगळ्यांनाच बॉस म्हणे. सात वर्षं शेजारच्या बाकावर काम करून मुकुलला त्याच्या बायकोचं नाव, मुलाची शाळा, फोनवरची गाणी, सगळं माहीत होतं. गाव मात्र कधी विचारलं नव्हतं.

रोडेलने हातातलं काम न थांबवता सांगितलं. गावकऱ्यांनी अमेरिकन शिपायांच्या छावणीवर हल्ला केला, बरेच मारले. सूड म्हणून सेनापतीने हुकूम सोडला, की दहा वर्षांवरच्या सगळ्यांना मारा, बेट ओसाड करा. रोडेलची पणजी तेव्हा तान्ही होती. ती रडू नये म्हणून तिच्या आईने तोंडात चिंधी कोंबली आणि दोन दिवस खारफुटीच्या चिखलात बसून राहिली.

"मग त्या सेनापतीचं काय झालं?"

"कोर्ट-मार्शल झालं की. समज दिली आणि पेन्शनीत काढलं." रोडेलने लाल दिव्याचे तारेचे पाय कापून सरळ केले. "शाळेच्या पुस्तकात आमचं बेट बघितलंय. असं उजळलेलं पहिल्यांदाच बघणार."

"हा दिवा विझणार नाही," मुकुल म्हणाला. "माझा शब्द."

पॅनलवाला माणूस गॅरंटी देतो तसंच तो बोलून गेला.

टेबल पोचवायच्या चार दिवस आधी राधिकाचा फोन आला. राधिका केंद्राची कामं बघायची; पार्ल्याची मुलगी, तिशीतली. मीटिंगमध्ये ती "मिस्टर मुकुल" म्हणे. फोनवर मात्र मराठी सुरू झाली.

"दादा, एक छोटंसं काम होतं. तो लाल दिवा काढाल का?"

"का? बिघडला नाही तो."

"नाही हो, पण देणगीदारांनी फोटो पाहिला. उद्घाटनाला त्यांचे परदेशी पाहुणे येणारेत. सगळं पिवळं आणि मध्ये एकच लाल, डोळ्याला टोचतंय म्हणतात."

"टोचायलाच ठेवलाय ना?"

"समजून घ्या ना दादा. आपली माणसं आपल्याला नाही सांभाळणार तर कोण सांभाळणार?"

आपली माणसं! मुकुलला शिसारी आली. "चेंज फॉर्म पाठवा," तो म्हणाला. "तपासून झालेल्या कामातली एक वायरसुद्धा आम्ही तोंडी सांगण्यावर काढत नाही. कारणाचा रकाना कोरा चालत नाही."

"बघते," म्हणून तिने फोन ठेवला. मुकुलला वाटलं, सुटलो. हे कारण कोण कागदावर लिहील? तासाभरात फॉर्म आला. बदल : दिवा क्रमांक नऊ बंद करणे. कारण : देखणेपणा.

बाहेर पडताना मालक मिस्टर लिम दारात भेटले. "छोटं काम आहे, उद्या उरकून टाक. त्यांची अजून तीन टेबलं येणार आहेत."

संध्याकाळी घरी जेवताना मुकुलने सगळं सांगितलं.

"सही कर आणि मोकळा हो," मीनल म्हणाली. "मार्चमध्ये तुझा वर्क पास रिन्यू व्हायचाय. लिमला आत्ता दुखवू नकोस. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांसाठी तू कुठे भांडत बसतोस?"

"मी भांडत नाहीये. शब्द दिलाय."

"दिव्याला?"

"रोडेलला."

ऋता वरणभात कालवत ऐकत होती. "पप्पा, टेन इयर्सच्या वरचे सगळे? सो टेनवाला वाचणार, इलेव्हनवाला नाही?"

"हो."

"देन आय ऑल्सो डाय, लाह," ती सिंगापुरी ढंगात सहज म्हणाली आणि तिने पापड मोडला.

मीनलने पापडाची ताटली उगाच तिच्याकडे सरकवली. मुकुल ताट तसंच ठेवून हात धुवायला उठला.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वायर काढली. स्वतःच्या हाताने. रोडेलला तरी हे काम करावं लागू नये, असं त्याने मनाला समजावलं. पण फॉर्मवर दोन सह्या लागत : काम करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. एकच माणूस दोन्हीकडे चालत नसे, आणि दिवे तपासण्याचा अधिकार वर्कशॉपमध्ये मुकुल आणि रोडेल या दोघांनाच होता. हे मुकुलला काल रात्रीही माहीत होतं. माहीत असून त्याने तिकडे पाहिलं नव्हतं. फॉर्म घेऊन रोडेलच्या बाकाकडे जाताना त्याला स्वतःचीच किळस आली.

रोडेलने कारण वाचलं. उठून टेबलाजवळ गेला, बटण दाबलं. साल १९०१ वर आलं आणि तसंच पुढे सरकलं. शेवटच्या सालापर्यंत सगळं पिवळं, स्वच्छ, मिठाईच्या दुकानासारखं.

"काम सफाईदार आहे, बॉस," तो म्हणाला. "तुमचं नेहमीच असतं."

"रोडेल, मी..."

"मी दोष तपासतो. यात दोष कुठला होता ते सांगा, लगेच सही करतो."

आवाज जराही चढलेला नव्हता. त्याने पेनचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि तो आपल्या कामाला लागला. सात वर्षांत त्याने पहिल्यांदा एखादा कागद परत केला होता.

मुकुलने फॉर्म परत घेतला. अजून एक रस्ता होता. लिमसाहेबांकडे गेलं असतं तर अधिकाराचा नियम बाजूला सारून त्यांनी न वाचता सही ठोकली असती. केबिन वीस पावलांवर होती. पाचसहा पावलं तो चाललासुद्धा. मग वळला, टेबलाखाली आडवा झाला आणि वायर पुन्हा जागेवर बसवली. फॉर्मवर कारणाच्या रकान्याखाली लिहिलं : "कारण खरे नाही. बदल केलेला नाही." खाली आपलं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. फॉर्म स्कॅन करून राधिकाला पाठवला, प्रत लिमसाहेबांना.

दहा मिनिटांत केबिनचं दार उघडलं. "मुकुल! आत ये."

"बोलावतायत, बॉस," रोडेल म्हणाला. मग टेबलाकडे बघून हळूच, "ते लोक तिकडे नेऊन काढतीलच. एका स्क्रू-ड्रायव्हरचं तर काम."

"काढू देत," मुकुल उठत म्हणाला. "ज्याला टोचतोय, त्याने टेबलाखाली वाकावं आणि स्वतःच्या हाताने काढावा. मी नाही काढणार आणि तुलाही काढायला लावणार नाही."

"आणि लिमने तुम्हाला काढलं तर?"

"मग घरी जाऊन मीनलला तोंड दाखवायचं," मुकुल म्हणाला. "ते जास्त अवघड आहे."

रोडेल हसला नाही. त्याने खिशातलं पेन काढलं, मुकुलच्या हातातला फॉर्म घेतला आणि "बदल केलेला नाही" या ओळीसमोर, तपासणाऱ्याच्या रकान्यात, सही केली.