मधल्या खुर्चीतले आजोबा

ताज्या छपाईच्या शाईचा वास आला की मी अजूनही पुस्तक मिटून लांब ठेवते. त्याला कारण माझी प्रतिभा.

पनवेल परिसर घडवणाऱ्या माणसांवरील चरित्रलेखांचा ग्रंथ निघत होता. त्यात माझ्या यजमानांच्या आजोबांवर, म्हणजे मिठागराच्या शेठशी भांडून मजुरांना वाढीव मजुरी मिळवून देणाऱ्या पुढाऱ्यावर, लिहिण्याचा मान मला मिळाला. (सून कविता करते, हे सासरी प्रथमच उपयोगी पडत होते.)

आधाराला एकच जुना फोटो होता. मागे मजुरांची रांग, मधोमध खुर्चीत कोट घातलेला, झुपकेदार मिशांचा गृहस्थ.

"यातले आजोबा कुठले?"

"मधले असणार," मोबाइलमधून मान वर न काढता यजमान म्हणाले. "पुढारी काय कोपऱ्यात उभा राहील?"

मी त्या डोळ्यांवर दीड पान लिहिले. त्यांत मला खाडीची भरती दिसली, मिठाची लकाकी दिसली, श्रमिकांविषयीची अपार करुणा तर फारच दिसली. कळंबोलीच्या स्टुडिओतून तेवढाच चेहरा मोठा करून चौकटीत बसवून आणला.

प्रकाशनाला सभागृह भरले होते. बापाचा सन्मान एकदा डोळ्यांनी पाहायचा म्हणून नव्वदीच्या आत्या, आजोबांची एकुलती लेक, ओवे गावाहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी हार उचलला, फोटोकडे पाहिले, आणि हार तसाच हवेत राहिला.

"सूनबाय, इकरं ये. ह्यो कोन?"

"आजोबा ना, आत्या?"

"आमचा बा नाय ह्यो. ह्यो तं शेठ हाय. बा मागं उबा हाय, पार टोकाला."

ग्रंथ श्रोत्यांच्या मांडीवर उघडले होते. आता एक अक्षरही बदलणार नव्हते. तेवढ्यात निवेदकाने लेख वाचण्यासाठी माझेच नाव पुकारले.

"आत्या, काय करू?"

"वाच आता. लोकं बसलीत." हार मांडीवर घेऊन त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

मी वाचले. 'या नेत्रांत गरिबांसाठी जागलेल्या रात्री आहेत' या वाक्याला टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून फक्त एक स्वच्छ "हं" आला.

नंतर मी त्यांच्या पायाशी बसले. "फोटो चुकला, आत्या. पण चरित्र तरी जमलं ना?"

हारातले एक फूल तोडून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले.

"शेठचं."