धुऱ्यावरचे काकाजी

मागच्या हिवाळ्यात आमचे वारलेले काकाजी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फिरायला लागले, आणि अख्ख्या गावात त्यांना सगळ्यात जास्त घाबरलो मी.

कारण साधं होतं. त्याच वेळी, त्याच धुऱ्यावर मीही फिरत होतो!

पहिल्यापासून सांगतो. माझं वजन इतकं वाढलं होतं की पंगतीत माझ्या शेजारची जागा लोक आपोआप रिकामी सोडत. शेवटी गुडघे कुरकुरले, साखर चढली आणि नागपूरला जाऊन मी जठर कापून लहान करून घेऊन आलो. घाटंजीजवळच्या आमच्या गावात ही गोष्ट मी आणि बायको मंगला सोडून कुणालाच माहीत नव्हती. "लोकं म्हनतीन, खानं आवरलं नाही म्हनून पोट कापून आनलं," मंगला म्हणाली. मग उतरलेला चेहरा जरा भरेपर्यंत मी कुणाला तोंड दाखवायचं नाही, बोलायचं ते फोनवर, असं ठरलं.

पण डॉक्टरांनी व्यायाम बजावून सांगितला होता. चालायचं, पळायचं नाही. पोटाला पट्टा बांधून ताठ राहायचं. ओझं उचलायचं नाही. दम लागला की थांबायचं, दोन्ही हात वर करून लांब श्वास घ्यायचा आणि तोंडानं सावकाश सोडायचा. पाणी घोटघोट. चक्कर आली तर असाल तिथं बसायचं. नाही चाललात तर चरबीसोबत अंगातली ताकदही जाईल, हे वर.

म्हणून मी उजाडायच्या आधीच घरामागच्या शेतात जायचो. माझे जुने कपडे अंगावर राहत नव्हते. जुन्या पायजम्यात आता माझ्यासोबत आणखी एक जण आरामात मावला असता! नवे शिवावेत तर वजन अजून उतरतच होतं. मंगलानं पेटीतून काकाजींचा पांढरा सदरा, पायजमा आणि कानांना बांधायला त्यांचा पांढरा दुपट्टा काढून दिला. "पडूनच तर होते," ती म्हणाली. आमच्याकडे कापड फेकत नाहीत, माणूस गेला तरी.

पहाटे धुकं इतकं असायचं की नाला दिसायचा नाही, नुसता वाहताना ऐकू यायचा. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. मी हात वर करून श्वास सोडला की नाल्यापलीकडून तो आवाज परत यायचा, जरा उशिरा आणि जरा घोगरा. अंगावर काटा यायचा. पण डॉक्टरांनी थांबून श्वास घ्यायला सांगितला होता, म्हणून मी थांबून, नियमानुसार घाबरत होतो.

एक दिवस रफिकभाईचा फोन आला. आमच्या शेताला लागून त्याचं शेत, आणि तो मोटार लावून पिकाला पाणी द्यायला पहाटेच येतो.

"सुधाकरभाऊ, नाल्याकडच्या धुऱ्यावर तुमचे काकाजी दिसले. खुदा कसम!"

"काकाजी? त्याईले जाऊन तर वर्सं झाले!"

"तेच तर! पांढरे कपडे, एकदम ताठ. चालते, थांबते, दोन्ही हात आभाळाकडं करते अन् तोंडातून असा लांब आवाज काढते, हाऽऽऽ! मी गाडी तशीच वळवली."

म्हणजे मी तिथं असताना काकाजी माझ्या इतक्या जवळ होते, आणि मला दिसले नाहीत! (ऑपरेशनमध्ये जठराचा बराच भाग काढला. डोक्यातलंही काही काढलं का, हे विचारायचं राहून गेलं.)

दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखा नाल्याची बाजू सोडून सडकेकडच्या धुऱ्यावर गेलो. घरी येऊन वरणाचं पाणी पितोय तोच पुन्हा फोन.

"भाऊ, काकाजी आता सडकेकडं आले!"

"अरे, हे तर माझ्या मागंच लागले!"

"तुमच्या मागं? तुमी तर घरात हाये ना?"

"हो, हो. घराच्या मागं, म्हंतो मी."

इथवर भीती एकट्या माझी होती. पण रफिकभाईच्या पोटात गोष्ट राहत नाही. आमच्याकडे कापूस वेचायला बायांची टोळी आणणारी शेवंताबाई दारात आली. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो.

"वहिनी, बाया येत नाही म्हन्ते. काकाजी हात वर करून बलावून राह्यले म्हन्ते."

"अवो, कापूस बोंडातून लोंबून राह्यला! आभाळ भरून आलं. पानी पडलं तं सारा पिवळा पडन!"

"मले समजते. पन बायाईले लेकरं हाये ना, वहिनी."

वर्षभराची मेहनत उभी होती आणि ओला झालेला कापूस व्यापारी बोटानं चाचपून बाजूला सारतो.

संध्याकाळी मंगलानं निर्णय दिला. "त्याईची काही तरी इच्छा राह्यली असन. धुऱ्यावर पान ठेवू." आमच्याकडे गेलेल्या माणसाला आवडीचं खाऊ घालून शांत करतात, आणि काकाजींची आवड साऱ्या गावाला पाठ होती. वांग्याची भाजी, निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, वर तुपाची धार. त्याच संध्याकाळी पत्रावळ धुऱ्यावरच्या विहिरीजवळ दगडावर ठेवली गेली. तिच्यावर दुसरी पत्रावळ झाकून खडा ठेवला.

पहाटे जीव मुठीत धरून मी फिरायला निघालो. (घरात बसलो तर ताकद जाणार, बाहेर गेलो तर काकाजी. डॉक्टरांची भीती वरचढ ठरली.) विहिरीशी आलो आणि वास आला. किती आठवडे मी नुसतं पातळ खात होतो! काकाजींच्या ताटाला हात लावणं पाप, हे मला कळत होतं. हाताला कळत नव्हतं. वरची पत्रावळ बाजूला टाकून मी एक मऊ फोड उचलली, सांगितल्याप्रमाणे भरपूर चावली. दुसरी तोंडात गेली आणि पोट भरलं. आयुष्यात पहिल्यांदाच वांग्याची भाजी समोर असून मी हरलो होतो.

हात धुवायला विहिरीजवळच्या पाण्याच्या टाक्यापाशी गेलो. धुकं जरा विरळ झालं होतं. पाण्यात काकाजी होते.

खोल गेलेले गाल, वर आलेली हाडं, पांढरा दुपट्टा. माझ्याकडेच पाहत होते. ओरडायला तोंड उघडलं, तर त्यांनीही उघडलं. त्यांच्या मिशीला भाजी लागलेली होती. मी मिशी पुसली. त्यांनीही पुसली.

मी होतो तिथंच बसलो. मग भुताची भीती गेली आणि दुसरंच काही तरी वाटू लागलं. इतकी वर्षं मी ज्या चरबीला शिव्या घातल्या, तिच्याखाली काकाजी बसून होते आणि मला पत्ता नव्हता! त्यांनीच मला खांद्यावर बसवून हा धुरा दाखवला होता. मला रडू आलं. पाण्यातले तेही रडले.

उजाडल्यावर मी लाज सोडली. शेवंताबाई आणि बायांना बोलावलं, रफिकभाईला बोलावलं, ऑपरेशनपासून मिशीपर्यंत सगळं सांगितलं. खात्री पटावी म्हणून त्याच कपड्यांत धुऱ्यावर चालून, हात वर करून, हाऽऽऽ करूनही दाखवलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. रफिकभाई तर खाली बसला.

"अन् पत्रावळ?" मंगलानं विचारलं. "रिकामी कशी काय?"

"मी तं दोनच फोडी खाल्ल्या!"

मंगलानं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय वाढवला नाही. कुत्रं आलं असेल, मी म्हटलं. (मी उघडी टाकलेली वरची पत्रावळ मात्र पुन्हा नीट झाकलेली होती, खड्यासकट.)

शेवंताबाई हसली नव्हती. "भाऊ, तुमी चालून दाखवलं ते बरोबर हाये. पन त्या दिवशी सडकेवरून मी सोता पाह्यलं, तवा तुमच्या मागून चालून राह्यलते ते कोन?"

मी मागं वळून पाहिलं. मग तीच पुढे म्हणाली, "जाऊ द्या. तुमच्या मागं हाये म्हनजे तुमच्या घरचंच हाये. आमाले काय करते? चला गं बाया!" आणि टोळी कापसात शिरली. पाऊस यायच्या आत सारा कापूस घरात आला.

दुसऱ्या पहाटे मी हट्टानं धुऱ्यावर गेलो. मागं कुणी नाही, हे स्वतःला पटवायचं होतं. गंमत म्हणून कडेला सरकलो आणि मोठ्यानं म्हटलं, "काकाजी, मोठ्या मानसाच्या पुढं चालनं बरं दिसत नाही. तुमी व्हा पुढं."

वारा नव्हता. माझ्या शेजारचं दवानं भिजलेलं गवत दबलं. मग त्याच्या पुढचं. मग त्याच्या पुढचं, अगदी सावकाश, घाई न करता.

हल्ली मी अंगणातच फेऱ्या मारतो, मंगला दारात उभी असताना. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना सांगितलं, शेतातली जमीन उंचसखल आहे, पाय मुरगळायची भीती वाटते. त्यांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "ऑपरेशननंतर स्वतःची इतकी काळजी घेणारा पेशंट मी पाहिला नाही!"