ताईच्या सूर्यफुलांचे सदतीस गड्डे

सूर्यफूल म्हटलं की आमच्या भागात शेतातलं पीक. पेरायचं, काढायचं, संपलं. माझ्या मोठ्या बहिणीच्या परसातलं सूर्यफूल वेगळं होतं. फुलं लहान, तळहातावर मावतील एवढी. थंडीत झाड जमिनीपर्यंत वाळायचं आणि पावसाळ्यात त्याच मुळांतून पुन्हा फुटायचं. मूळ झाड आमच्या आईचं. आई गेल्यावर ताईने माहेराहून सासरी सोनाळ्याला नेलं ते एवढंच.

दोन वर्षांपूर्वी तिने माझ्या घरी दुसरबीडला त्याच्या मुळांचे नऊ गड्डे आणून दिले, आल्यासारखे दिसणारे. मी अंगणात सहा बाय तीन फुटांचा वाफा केला. पहिल्याच मोसमात एकशे चौदा फुलं आली. रोज सकाळी मोजून वहीत लिहीत होतो. ताई फोनवर म्हणायची, "तू फुलं पाह्यतो का नुसता मोजतो रे?"

मार्गशीर्षात सगळं वाळलं. हात लावू नको, खाली जित्तं राह्यते, असं तिने बजावलं होतं. मला ते पटलं नाही. आमच्या घरात ऊन दाखवल्याशिवाय बियाणं कधी साठवलेलं नाही. भुईमूग असो की तूर, कडक वाळवायचं आणि कडुलिंबाचा पाला घालून डब्यात भरायचं. गड्डे जमिनीत राहिले तर त्यांना वाळवी लागेल, असा माझा हिशेब. चैत्रात वाफा फूटभर खणला. सदतीस गड्डे निघाले. गच्चीवर आठ दिवस वाळवले, डब्यात भरले आणि मृगात नऊ-नऊ इंचांवर पुन्हा लावले.

तीन आठवडे काहीच वर आलं नाही, तेव्हा उकरून पाहिलं. काहींची सुंठ झाली होती, उरलेले पावसाने कुजले होते. सदतीसच्या सदतीस गेले.

त्याच आठवड्यात ताईने फोनवर विचारलं, फुटलं का. दुसऱ्याच्या चुका मी लगेच दाखवतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. स्वतःची सांगायला जीभ रेटली नाही. "हो, फुटलं," म्हणालो. दिवाळीच्या आत कुठून तरी गड्डे मिळवून वाफा भरून टाकू, असं मनात होतं. चिखली, मेहकर, जालना, सगळीकडच्या रोपवाटिका पालथ्या घातल्या. सगळीकडे पेरायचंच सूर्यफूल. पुढच्या दोन फोनांत मी ते झाड वाढवतही नेलं, आधी गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं.

भाऊबीजेला ताई आली. तिच्या मुलाने परसात खोली काढली होती आणि श्रावणात पाया खणताना तिथलं झाड गेलं होतं. तिने अडवलं नव्हतं, कारण माझ्याकडे होतं ना. ओवाळून झाल्यावर तिने चार गड्डे मागितले. मी तिला मोकळ्या वाफ्यापाशी नेलं आणि गच्चीपासून फोनपर्यंत सगळं सांगितलं.

तिने वाकून वाफ्यातली माती बोटांनी उकरून पाहिली. मग म्हणाली, "वाळले त वाळले. पण तवाच काऊन नाही सांगितलं? माह्याजवळ तवा टोपलंभर होते."

त्या पहिल्या फोनपासून पाया खणेपर्यंत सेहेचाळीस दिवस होते. यातल्या कुठल्याही दिवशी खरं बोललो असतो, तर आईचं झाड आज दोन्ही घरी असतं. हा आकडा मी ताईला सांगितलेला नाही. तिलाही मोजता येतं.