अभिनयाची ढाल

यंदा आमच्या तांड्याच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनात उत्कृष्ट अभिनयाची ढाल मला मिळाली. मी त्या शाळेत शिकत नाही. शिकत होती ती माझी मुलगी पायल.

आमची शाळा सातवीपर्यंत. पायल सातवीत होती, आणि जूनपासून तिचा नंबर यवतमाळच्या वसतिगृहात लागला होता. आनंदाचीच गोष्ट! फक्त घरात माणसं दोनच, ती आणि मी. तिची याडी, म्हणजे आई, पायल लहान असतानाच गेली. त्यामुळे एक गेलं की अर्धं घर जाणार, हा साधा हिशेब होता. त्यावर पायलनं एक अट घातली होती. (घरात आम्ही गोरबोली, म्हणजे आमची बंजारा भाषा बोलतो, तुमच्यासाठी वऱ्हाडीत सांगतो.)

"बापू, तू रडला तर मी नाई जात. सांगून ठेवते."

"मी काहून रडन?"

"तू बैल विकला तवा रडला. आत्याची बकरी मेली तवा रडला. टीव्हीवर साबणाची जाहिरात पाहून रडला!"

त्या जाहिरातीत एक बाप मुलीचा फ्रॉक धुवत होता. असो. पण पोरगी खरं बोलत होती. माझ्या डोळ्यांतलं पाणी कायम काठावरच असतं, जरा धक्का लागला की सांडतं. मी रडत बसणार, जेवणार नाही, या काळजीनं ती शिक्षण सोडायला निघाली होती. म्हणून मी वचन दिलं की डोळ्यांतून थेंब काढणार नाही. दुसऱ्या दिवसापासून घरातले कांदे चिरायचं कामही तिनं माझ्याकडून काढून घेतलं.

आणि नेमका त्याच वर्षी शाळेचे मुख्याध्यापक वानखडे सर यांना आपल्या संस्कृतीचा पुळका आला.

"परसरामभाऊ," सर मला म्हणाले, "दरवर्षी तेच रिमिक्स, तेच डान्स! यंदा तुमचा बंजारा विवाह दाखवू. नवरीचा ढावलो ठेवू. पाच मिनिटांचा आयटम!"

ढावलो पाच मिनिटांत! आमच्यात नवरी सासरी निघते तेव्हा एकेका नातेवाइकाच्या गळ्यात पडून गात रडते, किंवा रडत गाते. त्याला ढावलो म्हणतात. पोरी तो लग्नाआधी कितीतरी दिवस थोरल्या बायांकडून शिकतात. जिच्या गळ्यात नवरी पडली तिनं उलट गळा काढायचा असतो. शेवटी नवरी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहून साऱ्या तांड्याचा निरोप घेते. सरांनी हे सगळं ऐकलं आणि वहीत लिहिलं, "बैल : एक."

पायल नवरी झाली. ढावलो शिकवायला माझी थोरली बहीण शेवंताबाई आली. शेवंताबाई तिच्या लग्नात असा ढावलो गायली होती की वराकडचे लोकही "पोरगी ठेवा तुमच्याकडंच" म्हणायला लागले होते. तालीम आमच्याच अंगणात चाले. पहिल्या दिवशी शेजारणी रडल्या. पुढं पुढं वाटेनं जाणारी मजूर बाईही टोपली खाली ठेवून रडून जायला लागली. मी त्या वेळी गोठ्यात जाऊन पवळ्याच्या, म्हणजे माझ्या बैलाच्या, पाठीवरचे गोचीड काढत बसे. पवळ्या इतका स्वच्छ कधीच नव्हता.

अडचण आली ती नवरीच्या बापाची. पोरीच्या गळ्यात पडून रडायचं म्हटल्यावर सातवीची सगळी पोरं मुतारीकडं पळाली. सर माझ्याकडं आले.

"परसरामभाऊ, तुम्ही तर खरेच बाप आहात. नुसतं उभं राहायचं!"

"सर, मले नाई जमत."

"का बरं?"

आता काय सांगणार? मी पायलकडं पाहिलं. ती घागऱ्याला आरसे टाचत होती. मान वर न करता म्हणाली, "उभा राय बापू. जूनची परीक्षा आताच होऊन जाईन."

कार्यक्रमाच्या दिवशी मी पक्क्या तयारीनं गेलो. दाढेखाली अख्खी सुपारी. शिवाय रडू आलंच तर काहीतरी रुक्ष आठवायचं ठरवलं. मी कपाशीवरची बोंडअळी निवडली. (ही निवड चुकीची होती. बोंडअळी आठवून मला जास्तच रडू येतं, हे स्टेजवर कळलं.)

शाळेच्या ओट्यावर चादरींचा पडदा होता. समोर पाहुणे म्हणून बोलावलेले एक मोठे साहेब बसले होते, कडक इस्त्रीचे. आमच्या आधी तिसरीच्या मुलांचं शेतकरी गीत झालं. ती मुलं ज्वारीचं पीक झाली होती, म्हणजे त्यांच्या अंगाभोवती कडब्याची खरी धांडं बांधलेली होती. गीत संपल्यावर ते पीक ओट्याच्या कडेला ओळीनं बसलं. आणि त्याच कडेला, खाली, झूल घातलेला पवळ्या आपली पाळी येण्याची वाट पाहत उभा होता. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, पवळ्या सोडून.

पडदा सरकला. पायलनं घुंगट ओढला आणि पहिला सूर लावला, "हियाऽऽ"

बस! पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या उठल्याच. आमच्या बायांना ढावलो बसून ऐकता येत नाही. नवरी रडते आणि आपण सतरंजीवर बसून पाहायचं, हे त्यांना अधर्मच वाटतं! बघता बघता सगळ्या जणी ओट्यावर चढल्या, पायलच्या गळ्यात पडायला रांग लागली. सर माइकवर ओरडत होते, "हे नाटक आहे! कृपया महिलांनी जागेवर बसावं! हे नाटक..." एवढ्यात शेवंताबाई त्यांच्याच गळ्यात पडली. तिला सरांत कोणता नातेवाईक दिसला कोण जाणे. सरांचा माइक खाली गेला तो गेलाच.

हा काय गोंधळ म्हणून पाहुणे साहेब ओट्यावर आले. पायलनं डोळे मिटलेले. हाताला जो आला त्याचा गळा धरला. साहेब आधी ताठ होते. मग त्यांची इस्त्री मोडली. "माझी पण लेक सासरी गेली हो नोव्हेंबरात," असं म्हणून ते असे रडले की त्यांचं भाषण खिशातच ओलं झालं.

मी अजून कोरडा! सुपारी फुटली होती, एक दाढ हलत होती, पण मी ठणठणीत कोरडा होतो. उलट आता मला हसू येत होतं, कारण पवळ्यानं ओट्यावर पुढचे पाय टेकून ज्वारीच्या पिकाला तोंड लावलं होतं.

"सर! बैल मले खाऊन राह्यला!" पीक किंचाळलं. तिसरीचा वर्ग धांडं सांडत पडद्यात घुसला, पवळ्या त्यांच्यामागं, आणि चादरी दोरीसकट खाली आल्या. तबला वाजवणाऱ्या गुरुजींच्या डोक्यावर झूल होती. प्रेक्षकांतली अर्धी माणसं हसत होती आणि अर्धी रडत होती. मला वाटलं, जिंकलो! आता कसला ढावलो नि कसलं काय.

आणि पायल माझ्यापर्यंत पोचली.

शेवंताबाईनं शिकवलेलं होतं तसं तिनं बापाचा गोतावळा वाढो, गाईगुरं वाढोत, असं गायला हवं होतं. तिनं माझा गळा धरला आणि त्याच चालीवर भलतंच सुरू केलं. बापू, भाजीत मीठ टाकलं का नाही ते चाखून पाहत जा, तू दोनदा टाकतो. बापू, माझ्या दप्तराची खुंटी मोकळी दिसन, तिला तुझा टावेल अडकव. बापू, रात्री येशील तवा आपणच दार उघड, आतून कोण हाय म्हणून विचारणारं कोणी नाई.

मी बोंडअळी आठवली. काही उपयोग झाला नाही.

ज्याच्या गळ्यात नवरी पडते त्यानं उत्तर द्यायचं असतं. मी तोंड उघडलं, पण मला एकच शब्द सुचला. "मीठ," मी म्हणालो. "मीठ... मीठ..." आणि मी जो हंबरडा फोडला, तो ऐकून पवळ्यानं खाणं थांबवलं. माझ्या सदऱ्याला सरांनी छोटा माइक लावून ठेवला होता. "मीठऽ" सगळ्या तांड्यावर घुमलं. मला खूप दुःख होत होतं, हे मी लपवत नाही. तिची याडी गेली तेव्हा पोरगी घाबरेल म्हणून मी आवाज दाबून रडलो होतो. ते सगळं त्या दिवशी ओट्यावर आलं. पडलेल्या चादरीला मी नाक पुसलं.

मग आठवलं. अट! मी हुंदका गिळून तिच्या कानात म्हणालो, "पायल, हे नाटकातलं होतं. तू जायचं हाय."

तिनं घुंगटातून माझ्याकडं पाहिलं. तिचं काजळ गालावर आलं होतं.

"जाते ना बापू. सारं रडून घे आताच. जूनमधी उरलं नाई पाह्यजे."

एवढ्यात साहेबांनी डोळे पुसत जाहीर केलं की असा जिवंत अभिनय त्यांनी जन्मात पाहिला नाही, आणि मुलांसाठी आणलेली ढाल माझ्या हातात दिली. मी नाही म्हणायला गेलो, पण तोंडातून पुन्हा "मीठ"च आलं. त्यावर टाळ्या पडल्या.

जूनमध्ये यष्टी आली तेव्हा मी खरंच रडलो नाही. पायल खिडकीतून तपासत होती. मी हात हलवला, ढाल मिळवलेल्या माणसासारखा.

आता ढाल त्या रिकाम्या खुंटीला टांगली आहे. तांड्यात कुणीही भेटलं की विचारतं, "काय परसरामभाऊ, मीठ हाय ना घरी?" आणि संध्याकाळी वसतिगृहातून फोन येतो.

"बापू, जेवला?"

"जेवलो ना!"

"मीठ?"

"एकदम बरोबर. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मजेत हाय मी, इकडं काय कमी हाय!"

समोर ताट तसंच असतं, आणि भाजीत मीठ दोनदा पडलेलं असतं. मी तसा रोज अभिनय करतो, पण ढाल द्यायला एक साहेब फिरकत नाही!